लिस्बनचा गवई आणि माझगावची लदीन

मुंबईहून बेळगावला परतल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो: गोळीबार पाहिलात का? मी गाणं ऐकायला गेले होते असं सांगितलं, की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं समोरचा माणूस बघतो. बघू दे. मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं गाणं शिकवून कुणाचं डोकं ठिकाणावर राहिलंय? पण गोळीबाराचं सांगायचं तरी त्या गाण्यावाचून सांगता येत नाही, म्हणून सुरुवात गवयापासूनच करते.

दोनशे वर्षांपूर्वी लिस्बनला, पोर्तुगालच्या राजाच्या पदरी, बेर्नार्दु नावाचा एक गवई होता. मूळचा न्हाव्याचा मुलगा. गळा चांगला म्हणून कुणीतरी त्याला चर्चच्या शाळेत घातलं आणि तो चढत चढत राजाच्या खाजगी चर्चमध्ये गाणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. दरबारात चलती इटलीहून आणलेल्या गवयांची. ते बग्गीतून यायचे, हा पायी यायचा. तरी राजकन्यांना गाणं शिकवायचं काम त्याच्याकडे आलं, त्यांच्यासाठी त्यानं पुष्कळ चिजा बांधल्या. राजानं मोठं डोळे दिपवणारं नाटकगृह बांधलं, त्यात बेर्नार्दु गायला, आणि काही महिन्यांतच भूकंप झाला. नाटकगृह, राजवाडा, निम्मं शहर जमीनदोस्त झालं. त्यानंतर राजानं दगडी छपराची अशी धास्ती घेतली, की तो उरलेला जन्म तंबूत आणि लाकडी घरात राहिला, आणि त्याचा गवई उघड्यावर गायला.

हे सगळं मला बेळगावच्या एका गोवेकर पाद्रीबाबांनी पोर्तुगीज पुस्तकांतून वाचून दाखवलं. एका मासिकासाठी मी गवयांची चरित्रं लिहिते, त्यात मला हा माणूस हवा होता. पण गाणं ऐकल्याशिवाय गवयावर लिहायचं म्हणजे न जेवता ढेकर द्यायची. मी तसं म्हटल्यावर पाद्रीबाबा हसले. म्हणाले, बेर्नार्दुचं बाकी कुठं काय उरलं देव जाणे, पण त्याची एक लदीन गोव्याच्या पाद्र्यांबरोबर मुंबईला गेली आणि माझगावच्या एका वाडीत एक भाऊबहीण ती अजून गातात. लदीन म्हणजे क्रुसापुढं म्हणायची मरियामातेची नामावळी. ही दोन गळ्यांची, कागदावर कुठंच नाही, आणि भाऊबहीण दोघंही साठीच्या पुढची. एवढं ऐकल्यावर मला कसला दम निघणार? वाडीतल्या क्रुसाचा सण जानेवारीत असतो असं कळलं, मी शाळेत रजेचा अर्ज टाकला.

गिरगाव

गिरगावात माझी मावसबहीण सुमन राहते, तिच्याकडे उतरले. आमच्याकडे पाहुण्याला आधी जेवलात का विचारतात. गिरगावात आधी परत कधी, असं विचारतात. त्यात वाईट काही नसतं. एका खोलीत सहा माणसं झोपवायची, तर सातव्याचा मुक्काम ठाऊक हवा. सुमननं वालाचं बिरडं केलं होतं, सोललेले वाल एकेक मोत्यासारखे. मी दोनदा मागून घेतलं तेव्हा तिची कळी खुलली.

पण शहराला स्वस्थता नव्हती. चाळीच्या जिन्यावर, पाण्याच्या नळावर, किराणावाल्याच्या दुकानात एकच विषय: मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही. नोव्हेंबरातल्या गोळ्यांची आठवण ताजी होती. सुमनचे यजमान ऑफिसातून आले की कपडे न बदलता रेडिओपाशी बसत. मला सगळे विचारत, बेळगावचं काय? मी सांगत होते, की आम्हाला तर कानडी मुलखात ढकलायचं ठरवूनच टाकलंय. सांगताना आवाज चढायचा आणि मग कुणी चहा पुढं करायचं. झोपेतसुद्धा ही माणसं कूस बदलताना घाईत असल्यासारखी वाटत. मला तर ते आवडलं, कारण माझीही गत तीच.

माझगाव

दुसऱ्या दिवशी ट्रामने भायखळ्यापर्यंत गेले आणि पुढं चालत. गोदीतून भोंगा वाजला, रस्त्यावर तेलाचा आणि सुक्या बोंबलांचा वास मिसळलेला. वाडीत शिरल्यावर मात्र वाटलं, मुंबई बाहेरच राहिली. कौलारू, लाकडी गॅलरीची घरं, मधोमध चुना फासलेला क्रूस. प्लेग गेला तेव्हा वाडीतल्या वाचलेल्यांनी तो उभारला आणि तेव्हापासून दरसाल त्याच्यापुढं लदीन म्हणतात.

भावाचं नाव पास्कू. गोदीतली नोकरी संपलेली, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. उंच, वाळलेले, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि वर कोट. बेळगावाहून कुणी बाई बेर्नार्दुची लदीन ऐकायला आली, याचं त्यांना नवल वाटलं नाही. उशीरच केलात, एवढंच म्हणाले. कपातून जे पुढं आलं तो चहा नव्हता. दारूबंदीच्या राज्यात तो कप कसा नाकारावा हे कळेना, म्हणून मी थोडा घेतला आणि बराच वेळ खोकले.

मग त्यांनी गाऊन दाखवलं. लदीनीच्या दोन गळ्यांना ते पयली आणि दुसरी म्हणतात. मास्तरांची पयली. लॅटिनमधले शब्द मला कळत नव्हते, पण सुरावट अशी साधी, की राजकन्येला शिकवणाऱ्या माणसानं मुद्दाम दागिने उतरवून ठेवावेत तशी. मी सरगम लिहून घेत गेले. ओळीओळीला मध्येच ते थांबत, आणि त्या थांबण्यात काहीतरी हवं होतं हे माझ्या कानाला टोचत होतं. दुसरी कुठाय, असं मी विचारलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ती परलला असते," म्हणाले.

मग तुटक तुटक जे सांगितलं ते असं. बहीण रोझा, म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, दोघं याच घरात वाढली आणि म्हातारी झाली. मागच्या पावसाळ्यानंतर वाडीत एक अर्ज फिरला, मुंबई वेगळीच ठेवा म्हणून. मास्तरांनी त्यावर सही केली. उद्या राज्य बदललं की वाडीची जागा जाईल, चर्चवर गदा येईल, असं वाडीत सगळेच बोलत होते आणि त्यांनाही ती भीती होती. नेमकं त्याच आठवड्यात रोझाबाई मोर्चात लाठी खाऊन डोक्याला पट्टी बांधून घरी आली. चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, मास्तर तिला म्हणाले, की तुला ज्यांचं राज्य हवंय त्यांच्यातच जाऊन रहा. ती ट्रंक घेऊन गेली. परळला एका चाळीत खोली घेतली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

मी बेळगावची. मला गप्प बसवणं कठीण. मराठी बोलणाऱ्या माणसानं मराठी राज्याला भ्यायचं म्हणजे काय, असं मी सुरू केलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमी गानं लिवा." मी गाणं लिहिलं.

परळ

वाडीतून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी मी परळ गाठलं. रोझाबाई भावाच्या अर्ध्या उंचीची, खळीच्या पांढऱ्या साडीतली, वर्गात शिरल्यासारखी बोलणारी बाई. मी माझगावाहून आले म्हटल्यावर त्यांनी भावाचं नावही काढलं नाही. क्रुसाला यंदा चुना लावला का, एवढं विचारलं. लावला, म्हटल्यावर तोंड फिरवून स्टोव्ह पेटवायला घेतला.

मला दुपारी जेवायलाच बसवलं. बोंबलांचं कालवण, त्यात मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांचा बाटलीचा मसाला. उन्हाळ्यात कुटून बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात म्हणून हे नाव. आम्ही सारस्वत मासळीला नाही म्हणत नाही, पण आमच्या कालवणात नारळ पुढं असतो, इथं मसाला पुढं होता आणि नारळ त्याच्या मागं लपलेला. शेजारच्या सखूबाई नावाच्या बाई वाटी घेऊन आल्या, कालवण घेऊन गेल्या आणि बदल्यात भाकऱ्या ठेवून गेल्या. त्या गिरणीत कामाला, त्यांचा मुलगा रोझाबाईंच्या हाताखाली शिकून मोठा झालेला.

दुसरी गाऊन दाखवा म्हटलं तर रोझाबाई नाही म्हणाल्या. दुसरी एकटी गायची नसते. मग मी पयली गाते, असं मी म्हटलं आणि सुरूही केलं. दोन ओळी त्या नुसत्या हात पुसत उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीला खालच्या सुरात त्यांचा आवाज आला. मास्तरांच्या गाण्यात जिथं जिथं मला टोचत होतं तिथं तिथं बरोबर तो आवाज येऊन बसत होता. मी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, दुसरी लिहून घेतली, मग उलट त्यांना पयली धरायला लावून मी दुसरी म्हणाले. माझा पाठ पक्का झाला तेव्हा त्या थकून बसल्या. यंदा क्रुसापुढं याल ना, असं मी विचारलं. त्यांनी दिवेलागणीच्या आत घर गाठा म्हणून मला उठवलं.

त्याच संध्याकाळी रेडिओवर आलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, ती केंद्राकडे.

सुमनच्या यजमानांनी रेडिओ बंद केला. खाली रस्त्यावर आधी शांत होतं, मग दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. दुसऱ्या दिवशी ट्राम नाही, दूध नाही, गॅलरीतून पाहावं तर रस्त्यात डांबराची पिंपं आडवी टाकलेली आणि धूर. अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते. लालबाग-परळला गोळीबार झाला, माणसं पडली, एवढंच कळत होतं. किती, कोण, काही नाही. संध्याकाळपासून कर्फ्यू. मी त्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत इतक्या वेळा फिरले, की सुमन म्हणाली, आता बसलीस नाहीस तर बांधून ठेवीन.

पुन्हा माझगाव

लदीन त्याच्या पुढच्या दिवशी होती. दुपारी काही तास कर्फ्यू उठला. सुमनशी भांडून मी निघाले आणि बंद दुकानांच्या कडेकडेनं माझगावापर्यंत चालत गेले. वेड्यासारखं होतं हे मलाही कळत होतं. पण बेर्नार्दु क्रुसापुढं एकदा ऐकल्याशिवाय मला परत जायचं नव्हतं.

लदीन संध्याकाळची, पण कर्फ्यूमुळं दुपारीच ठेवलेली. एरवी शे-दीडशे माणसं जमतात म्हणे, त्या दिवशी वाडीतलीच थोडी होती. मेणबत्त्या उन्हात लावलेल्या, झेंडूच्या माळा, एका घरात चणे उकडत होते, त्यांचा वास येत होता. लदीनीनंतर सगळ्यांना चणे वाटतात. मास्तर क्रुसाच्या उजव्या हाताला उभे राहिले. डाव्या हाताला कुणीच उभं राहिलं नाही. तिथं एक मेणबत्ती मात्र लावली होती.

मास्तरांनी सुरुवात केली. लोक प्रत्येक नावाला नुसतं ठरलेलं उत्तर देत होते. ओळीओळीला तो आवाज मध्येच थांबायचा, आणि तेवढी जागा मोकळी जायची. पुढं जायचा, पुन्हा मोकळी. गाणाऱ्या माणसालाच कळेल, समोर सूर हवा असताना तो न लावणं किती जड जातं. दुसरी माझ्या तोंडपाठ होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. मागच्या रांगेत उभी होते तिथूनच मी सूर लावला.

एक ओळ पूर्ण झाली. लोक उत्तर द्यायचे थांबले. पुढची एक म्हातारी वळली, माझ्याकडे पाहिलं आणि तिनं छातीवर क्रूस काढला. डाव्या हाताची मेणबत्ती कुणीतरी विझवली. मास्तर गायचे थांबले होते. ते सावकाश माझ्यापाशी आले.

"गोली कुटं लागली तिला?" त्यांनी विचारलं.

मला काही उमगेना. कुणाला, असं मी म्हणाले. मग त्या म्हातारीनंच सांगितलं. दुसरी ज्याची, तो जिवंत असेपर्यंत क्रुसापुढं ती दुसऱ्या कुणी गायची नाही. तो भांडलेला असो, आजारी असो, परदेशी असो, त्याची जागा रिकामी ठेवायची. तो गेला, की ज्याला त्यानं शिकवली असेल त्यानं मागून सूर लावायचा. तेवढ्यानं वाडीला निरोप कळतो. रोझानं मरताना तुला निरोप्या करून धाडलं, असंच सगळ्यांना वाटलंय.

मी मास्तरांचा हात धरला आणि सांगितलं, की असं काही नाही हो, मला हा रिवाज ठाऊक नव्हता. परवा मी त्यांच्याकडे जेवले. धडधाकट होत्या, त्यांनीच मला शिकवली.

"परवा," मास्तर म्हणाले. "आन काल?"

काल परळला गोळ्या झाल्या होत्या. मास्तरांनी घरात जाऊन टोपी घेतली आणि चालायला लागले. वाडीतल्यांनी अडवलं, कर्फ्यू लागेल म्हणाले. ते थांबले नाहीत. मी त्यांच्या मागून निघाले, कारण तिथं उभं राहायचं तोंड मला नव्हतं.

लालबागेतून

भायखळ्यापर्यंत मास्तर लांब ढांगा टाकत चालत होते, मी जवळजवळ पळत. पुलाशी पोलिसांची गाडी उभी होती. त्यांनी मास्तरांच्या कोटाकडे पाहून सोडून दिलं. पुढं रस्ता ओळखू येईना. दिव्यांच्या काचा फुटलेल्या, दगडांचा सडा, एका ठिकाणी जळकी लाकडं अजून धुमसत होती.

तिथं मास्तर बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी, सांगता येत नाही. म्हणाले, हा रिवाज त्या गवयाचाच. बेर्नार्दु आणि त्याचा एक जोडीदार राजाच्या चर्चमध्ये जोडीनं गायचे. भूकंपात जोडीदार सापडेना. कुणी म्हणालं दगडाखाली गेला, कुणी म्हणालं नदीपलीकडे पळाला. तेव्हा ह्यानं ही लदीन बांधली आणि उघड्यावर पयली एकटाच गायला लागला, जोडीदार आलाच तर त्याला उभं राहायला जागा हवी म्हणून. पुढं दगड उपसताना तो सापडला. त्या दिवशी दुसऱ्या एकाला त्याच्या जागी उभं केलं. हे पाद्रीबाबांच्या पुस्तकांत नव्हतं. खरं असेल, नसेल. पण लालबागच्या त्या रस्त्यात मला बेर्नार्दु पहिल्यांदा माणूस वाटला, आणि त्याच्या चिजांपेक्षा त्याचं ते वाट बघणं मोठं वाटलं.

एका नाक्यावर गाडे आडवे लावून तरुण पोरं उभी होती. कोटटोपीतला म्हातारा पाहून त्यांनी रस्ता अडवला. मुंबई कुणाची, ते सांगा आणि पुढं जा, म्हणाली. मास्तरांची सही मला माहीत होती आणि त्यांचा हट्टही. मी त्यांच्या वतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तेच बोलले.

"परलला भैन हाय माजी. जिती हाय का बघायला चाल्लोय."

पोरांनी गाडा सरकवला. त्यातला एक म्हणाला, मोठ्या रस्त्यानं जाऊ नका काका, गल्लीगल्लीनं जा.

रोझाबाईंच्या दाराला कुलूप होतं. मास्तरांनी ते कुलूप हातात धरून पाहिलं. सखूबाई शेजारच्या दारात आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. टीचर कुठंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हास्पिटलात." मास्तर तिथंच गॅलरीत खाली बसले. सखूबाई घाईनं म्हणाल्या, की तसं नव्हं, माझ्या पोराच्या पायात गोळी शिरलीय, माझ्यानं बघवंना, म्हणून टीचर डबा घेऊन गेल्यात.

आम्ही तिथंच त्यांची वाट बघत बसलो. जिन्यावर पावलं वाजली आणि रोझाबाई रिकामा डबा घेऊन वर आल्या. भावाला पाहिलं. न थांबता किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत गेल्या. आधी सखूबाईंना सांगितलं, की गोळी काढली, पाय राहील. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना विचारा, इकडं कसं येणं केलं?"

मीच सगळं सांगितलं, क्रुसापुढं काय केलं ते. ऐकता ऐकता त्या स्टोव्हपाशी खाली बसल्या. मास्तर दारातच उभे होते. म्हणाले, "लदीन अर्धी राह्यलीय. अर्धी ठेवायची नसते."

रोझाबाई उठल्या. फळीवर मरियामातेचं लहानसं चित्र होतं, त्यापुढं दिवा लावला. मास्तर उजव्या बाजूला उभे राहिले, त्या डाव्या. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी आता गप बसायचं."

मी गप्प बसले. वही पिशवीतच राहिली. ते ज्या ओळीवर थांबले होते तिथून त्यांनी धरलं. मास्तरांचा श्वास अपुरा पडत होता, आणि तो पडला की रोझाबाईंचा स्वर खाली न येता तसाच उभा राहायचा, मास्तर परत येईपर्यंत. मी दोन्ही गळे शिकले होते, लिहिले होते, तरी हे माझ्या सरगमीत कुठं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. गॅलरीत चाळीतली माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी गेलंय, अशी त्यांची समजूत झाली असावी, त्यांनी टोप्या काढल्या.

आमेन झाल्यावर बाहेर कर्फ्यूची शिट्टी ऐकू आली. परत जायचा प्रश्नच उरला नाही. रोझाबाईंनी तिघांची पानं घेतली. मास्तर जमिनीवर मांडी घालता येईना म्हणून ट्रंकेवर बसले. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, की सहीचं माझं मत तेच हाय. रोझाबाई म्हणाल्या, माझंही तेच आहे.

मग रोझाबाईंनी कालवणाची पळी भांड्यातच धरून विचारलं, "मी मेले असं वाटलं म्हणून आलास. जिवंत होते तेव्हा परळ एवढं लांब होतं का, दादा?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"लांबच वाटायचं, रोजू," ते म्हणाले. "आज चालून बगितलं. तेवडं नाय."

रोझाबाईंनी त्यांच्या ताटात कालवण वाढलं.